मुक्तीच्या कारभारणी

मिरजेत ख्रिस्ती बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी नर्स उभी राहते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचं मिशन इस्पितळ उभं राहिलं, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली. पुढे दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुली या गावात येऊन परिचारिका झाल्या. रात्रपाळीचे वॉर्ड त्यांनी सांभाळले, नव्या मुलींना हाताशी धरून शिकवलं, रोग्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या. त्यांच्या कामाचा या गावाला अभिमान आहे. पण कारभार ठरवायची वेळ आली की खुर्च्यांवर बसलेले चेहरे बहुतेक पुरुषांचेच असत. मंडळीतही तीच रीत. संडेस्कूल, महिला मंडळ, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना बायकांकडे. कमिटी, मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या पुरुषांकडे.

बायकांच्या नेतृत्वावर बोलायचं ठरलं की आपल्याकडे पवित्र शास्त्रातली नावं घेतली जातात. इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा, राजासमोर उभी राहिलेली एस्तेर, पुनरुत्थानाची बातमी प्रथम घेऊन धावलेली मग्दालिया मरीया, पौलाची सहकारी प्रिस्किल्ला. ही नावं घ्यायलाच हवीत. पण ती दूरच्या देशातली आणि दूरच्या काळातली आहेत. त्यांच्या गोष्टीत विहीर खणायचा खर्च, दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, देणगीदाराची नाराजी आणि वर्तमानपत्रातली टीका यांचा हिशेब सापडत नाही. तो हिशेब ज्या संस्थेत सापडतो ती आपल्याच मराठी मुलखात आहे. मिरजेहून पुण्याला जाऊन सोलापूरच्या गाडीत बसलं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभारलं. श्रद्धा एखाद्या बाईला कारभार कसा शिकवते, हे मला तिथल्या वाटचालीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

या वाटचालीची सुरुवात केडगावच्या जमिनीपासून धरली तर अर्धी गोष्ट हातची जाईल. ती धरायला हवी इंग्लंडपासून, आणि तीही एका नकारापासून.

रमाबाई डोंगरे १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता; मुलीलाही त्याच घरात विद्या मिळाली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर देशभर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ साली वैद्यकी शिकायच्या हेतूने त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

बाप्तिस्म्यानंतर ही विदुषी आपण सांगू तसं वागेल, अशी मठातल्या वडीलधाऱ्यांची समजूत होती. रमाबाई तशा वागल्या नाहीत. त्या शाकाहारी होत्या आणि शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुना अभिमान दिसे. रमाबाईंना त्यात पाप दिसत नव्हतं. गळ्यात घालायच्या क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये होती, तेव्हा आपल्याला न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत का नको, असा त्यांनी सवाल केला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिच्या कामाला बाध येईल, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईने कलकत्त्याच्या शास्त्र्यांसमोर बसून वाद केला होता, पुण्याच्या सभांतून पुरुषांना व्याख्यानं दिली होती, तिला हे ऐकवलं जात होतं. त्यांनी पत्रांतून ठाम उत्तर दिलं. ख्रिस्ताला शरण जाणं वेगळं आणि ख्रिस्ताच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला शरण जाणं वेगळं, हा त्या उत्तराचा गाभा होता.

पुढची सगळी संस्था मला या पत्रव्यवहारात दिसते. शास्त्रीबुवांच्या आज्ञेतून सुटून बिशपांच्या आज्ञेत जायचं असतं तर रमाबाईंना धर्म बदलायची गरजच नव्हती. देवासमोर आपण एकट्या उभ्या आहोत आणि उत्तर त्यालाच द्यायचं आहे, हे त्यांनी शब्दशः घेतलं. ज्या बाईला घरात बापाला, मग नवऱ्याला, मग मुलाला उत्तर द्यायची सवय लावलेली असते, तिला अशी श्रद्धा केवढा आधार देते, हे आपल्या मंडळ्यांनी अजून पुरतं ओळखलेलं नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या मंडळाने दहा वर्षं मदत करायची आणि विधवांच्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ही शाळा शारदा सदन या नावाने उघडली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे झाल्या. अण्णा कर्व्यांच्या संस्थेमागे शारदा सदनातून आलेल्या या बाईचे कष्ट आहेत. ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काहीच कर्तव्य नव्हतं अशा घरांतही या सदनाचं देणं असं पोचलं.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं. स्वयंपाक सोवळ्यात, जातीचे नियम पाळून. मुलींना आपापल्या पूजाअर्चेला मोकळीक. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर फुटली. ‘केसरी’ने टीकेचा सूर लावला आणि १८९३ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली मातब्बर माणसं बाजूला झाली. पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

इथे मला दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडावंसं वाटतं. शाळेत धर्म येणार नाही या भरवशावर मुली ठेवणाऱ्या आईबापांचं दुःख खोटं नव्हतं. विधवा मुलीला शिकायला पाठवायचं म्हणजे त्या काळी निम्म्या गावाशी वैर पत्करायचं. त्यावर मुलगी धर्मच सोडील ही धास्ती. पण आपली प्रार्थना लपवून ठेवायची हा पर्याय रमाबाईंना खुला नव्हता. दार बंद केलं असतं तर सल्लागार मंडळ टिकलं असतं आणि त्या स्वतः खोट्या पडल्या असत्या. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि मंडळ गमावलं. आश्रयदात्यांच्या मर्जीवर बायकांची संस्था चालवायची नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला असावा. कारण त्यानंतर लगेचच त्या जमिनीच्या शोधात दिसतात. केडगावला सुमारे शंभर एकर माळ घेतला गेला. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. देणगी थांबली तरी जमिनीने संस्थेला पोसावं, असा बेत होता.

जमीन तयार होते न होते तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली वाटेवर मरत होत्या, कुणीतरी त्यांना विकत घेऊन नेत होतं. रमाबाईंनी स्वतः उपाशीपोटी रानपाला खाल्लेला होता. त्या निघाल्या, आणि तुकड्यातुकड्यांनी तीनेकशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात एवढा जमाव ठेवायला परवानगी मिळेना. मुलींना केडगावच्या माळावर झोपड्या आणि तंबूंत उतरवलं. संस्थेचं नाव ‘मुक्ती’. सप्टेंबर १८९८ मध्ये तिथल्या इमारतींचं समर्पण झालं. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढी माणसं एकट्या रमाबाईंनी सांभाळणं शक्यच नव्हतं. शारदा सदनात सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण विधवा आता पुढे झाल्या. ज्यांच्या जातीचा पत्ता नाही, अंगावर उवा आणि खरूज, पोटं खपाटीला गेलेली, अशा मुलींना त्यांनी न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, अक्षरं शिकवली. एकेका गटाची जबाबदारी एकेकीकडे. कुणी शिक्षिका, कुणी मेट्रन, कुणी कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारी. मिरजेच्या वॉर्डात जे काम नर्स करत होती तेच हे काम. फरक इतकाच की केडगावात त्या कामाचा निर्णयही बाईच घेत होती. दूध, तेलघाणी, हातमाग, शिवण, शेती, धोबीकाम, छपाई अशा कामांत मुली तरबेज होऊ लागल्या. हळूहळू सदनं वाढत गेली: समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतलेल्या मनोरमाबाईंनी शारदा सदनाच्या शाळेचं मुख्याध्यापकपद घेतलं आणि आंधळ्या मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवलं.

याच धामधुमीतला एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लेगच्या काळात सदनातली एक मुलगी सरकारी इस्पितळात नेली गेली, तिथून तिचा माग लागेना. इस्पितळात आणि छावणीत बायकांना कसं वागवतात, याविषयी रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ साप्ताहिकात उघड पत्र लिहिलं. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. सरकार ख्रिस्ती, देणगीदार इंग्रज आणि अमेरिकन, आजूबाजूला हिंदू समाज त्यांच्यावर रुसलेला. अशा वेळी एका मुलीसाठी सरकारशी भांडण घेणं त्यांच्या अजिबात सोयीचं नव्हतं. तरी पत्र गेलं. गोऱ्या साहेबाचा आणि आपला धर्म एक आहे म्हणून त्याचा कारभार सोसायचा, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलीही नाही.

१८९८ मध्ये अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली आणि धर्मशिक्षणाबद्दलची जुनी अटही गेली. मुक्ती मिशन कुठल्याही एका परदेशी मिशन बोर्डाच्या किंवा पंथाच्या हुकमतीखाली गेलं नाही. पैशासाठी प्रार्थना करायची आणि मिळेल त्यात काटकसरीने चालवायचं, ही ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथालयाची रीत रमाबाईंना भावली होती. आजच्या व्यवस्थापनाच्या भाषेत हे भाबडं वाटेल. पण ज्यांचे विहिरींचे, मळ्याचे, छापखान्याचे बेत इतके पक्के होते त्या बाईला भाबडी म्हणता येत नाही. प्रार्थनेने त्यांना माणसांपुढे हात पसरण्यापासून वाचवलं, त्यामुळे अटी घालणाऱ्यांना नाही म्हणता आलं.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत पुनरुज्जीवन झालं. मुली रडत, मोठ्याने एकदम प्रार्थना करत, पापांची कबुली देत. काही मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. आपल्या लोकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे भक्ती करावी, परदेशी शिस्तीच्या साच्यात ती कोंबू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. ज्या बायकांना चार माणसांत तोंड उघडायची मुभा नव्हती, त्या आता गावकीसमोर उभ्या राहून बोलत होत्या. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये याविषयी लिहिलेली छोटी पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या वालपराइसो शहरात हूव्हर या मिशनरी दांपत्याच्या हाती पडली, आणि १९०९ च्या तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या दुष्काळग्रस्त पोरींच्या प्रार्थनेचा धागा चिलीतल्या मंडळ्यांपर्यंत जातो. हे आपल्या पाळकांनी व्यासपीठावरून एकदा तरी सांगावं.

या सगळ्यात रमाबाई स्वतः हळूहळू मागे सरत होत्या. त्यांनी बायबलाचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जातं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत काम चालवलं. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत छापखान्यातलं काम मुक्तीच्या बायकांचं. जगभर कीर्ती झालेली बाई दिवसाचे तास व्याकरण आणि कोशांना देते, आणि रोजचा कारभार मुलीकडे व सहकाऱ्यांकडे सोपवते, याचं मला फार मोल वाटतं. मनोरमाबाईंनी पुढे गुलबर्ग्याला शांती सदन ही मुलींची शाळा काढली. निजामाच्या राज्यात स्वतःच्या हिमतीने काढलेली ती शाखा होती. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. मुक्तीचा वारसा मनोरमाबाईंकडे जायचा हे ठरलेलं होतं.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. चाळिशी नुकतीच उलटली होती. ज्या आईने आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा यांना माती दिली होती, तिने आता एकुलती मुलगी दिली. भाषांतराचं उरलेलं काम रमाबाईंनी थांबवलं नाही. ते पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. लिहिणारी हयात नव्हती, ठरलेली वारसदार हयात नव्हती, आणि तरी खिळे जुळवणाऱ्या बायकांनी काम शेवटाला नेलं.

त्यानंतर संस्थेची मुख्य धुरा बराच काळ परदेशी भगिनींकडे राहिली. त्यांनी निष्ठेने काम केलं, याबद्दल वाद नाही. पण मला ते सलतं. कोठारापासून छापखान्यापर्यंत सगळं चालवणाऱ्या मराठी बायका तयार असताना सर्वोच्च खुर्चीवर त्या सहज बसू शकल्या नाहीत. मनोरमाबाईंच्या पाठीमागे आणखी चार नावं आधीच पुढे आणलेली असती, तर कदाचित वेगळं घडलं असतं. रमाबाईंच्या कारभारातली ही उणीव मोकळेपणाने बोलायला हवी, कारण आपल्या संस्थांत ती आजही तशीच आहे. एक कर्तबगार बाई पुढे येते, तिचं कौतुक होतं आणि तिच्यानंतर खुर्ची पुन्हा जुन्या हातांत जाते.

मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे, निराधार बायका आणि मुलं तिथे राहतात. दक्षिण भारतीय मंडळीने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं. त्या मंडळीतल्या पहिल्या स्त्री बिशप. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी रमाबाईंच्या शिकवण्याला हरकत घेतली, त्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.

मिरजेच्या मंडळ्यांत आज निवृत्त नर्सेस आहेत, मेट्रन म्हणून पन्नासपन्नास खाटांचा कारभार पाहिलेल्या बाया आहेत, शाळा चालवलेल्या मुख्याध्यापिका आहेत. औषधांचा साठा, पाळ्यांचं वेळापत्रक, माणसांची भांडणं आणि मरणाऱ्याच्या घरच्यांचं सांत्वन हे सगळं त्यांनी एका दिवसात केलेलं आहे. कमिटीची पुढची निवड होईल तेव्हा त्यांची नावं महिला मंडळाच्या रकान्यात लिहून थांबू नये. खजिनदार म्हणून एकीचं, मालमत्तेच्या समितीवर दुसरीचं आणि मंडळीच्या वडील म्हणून तिसरीचं नाव सुचवावं. आणि त्या तिघींच्या हाताखाली शिकायला तिशीतल्या सहा मुली आत्ताच द्याव्यात.